अंगण वाकडे आहे काय?

(व्यवस्थापक, पर्यवेक्षक आणि कामगार यांच्या एकत्रित सभेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. परीक्षेत कमी गुण मिळवून प्रश्नपत्रिकेला नावे ठेवणाऱ्या विद्यार्थ्यापासून उद्दिष्ट न गाठता बाजाराला दोष देणाऱ्या विक्री प्रतिनिधीपर्यंत सर्वांना ती केव्हा ना केव्हा ऐकावी लागते. म्हणीचा निवाडा स्पष्ट आहे. दोष नाचणाऱ्याचा आणि अंगणाचे नाव हा निव्वळ बहाणा. परंतु हा निवाडा देण्यापूर्वी अंगण खरोखर वाकडे आहे की सरळ, हे कोणी मोजून पाहिलेले नाही. आणि अंगण ज्याच्या मालकीचे, त्याचा तर म्हणीत उल्लेखही नाही.

कारखान्यात, कार्यालयात, बँकेत वा रुग्णालयात काम बिघडले की पहिला प्रश्न येतो तो ‘कोणी केले?’ असा. नाव सापडले की चौकशी संपते. ताकीद दिली जाते, वेतनवाढ रोखली जाते, क्वचित घरचा रस्ता दाखवला जातो. दोन महिन्यांनी तीच चूक दुसऱ्या कोणाच्या हातून घडते आणि पुन्हा नव्या नावाचा शोध सुरू होतो. माणसाचा वाटा कोणता आणि ज्या व्यवस्थेत त्याला उभे केले आहे तिचा वाटा कोणता, हे ठरवण्याची काही पद्धत आहे काय, हा आजचा विषय आहे. पद्धत आहे. ती शास्त्रशुद्ध आहे, आणि तिचा उगम व प्रसार यांत भारताचाही थोडा संबंध आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलापुढे एक चमत्कारिक कोडे उभे राहिले होते. लढाऊ आणि बाँबफेकी विमाने मोहिमेवरून सुखरूप परतत, धावपट्टीवर व्यवस्थित उतरत, आणि उतरल्यानंतर वैमानिक पंखांवरील फ्लॅप मिटण्याऐवजी विमानाची चाकेच आत ओढून घेई. विमान पोटावर बसे. अहवालात कारण लिहिले जाई, वैमानिकाची चूक. ते खोटेही नव्हते, कारण कळ त्यानेच ओढलेली असे. अल्फान्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने मात्र वैमानिकांची मने तपासण्याआधी त्यांच्या आसनासमोर काय आहे ते पाहिले. बी-१७ सारख्या विमानांत चाकांची कळ आणि फ्लॅपची कळ शेजारी-शेजारी होत्या, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. सी-४७ या वाहतुकीच्या विमानात त्यांची रचना निराळी होती, आणि तेथे ही चूक घडत नव्हती. वैमानिक तर त्याच प्रशिक्षण केंद्रांतून आलेले होते. चॅपानिसने सुचवलेला उपाय अगदी साधा होता. चाकांच्या कळीला लहानसे रबरी चाक बसवायचे आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा आकार द्यायचा. थकलेल्या वैमानिकाला अंधारातही आपण काय धरले आहे ते स्पर्शाने कळू लागले. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या कळीला चाकाचाच आकार असतो. किती वैमानिकांच्या सेवापुस्तिकेवर तोवर डाग लागले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

याच प्रश्नाला गणिताची बैठक दिली ती वॉल्टर शूहार्ट यांनी. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करीत असताना १९२४ साली त्यांनी नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. कोणत्याही कामाच्या निष्पत्तीत चढउतार असतातच. त्यांतील काही त्या कामाच्या रचनेतच मुरलेले असतात, तर काही बाहेरून अचानक आलेल्या विशिष्ट कारणाने घडतात. मुंबईकराला हे उदाहरणाने चटकन पटेल. रोजची ८.१२ ची लोकल कधी दोन मिनिटे, कधी पाच मिनिटे उशिरा येते. गर्दी, सिग्नल, पुढची गाडी अशा शंभर बारीक कारणांचा तो एकत्रित परिणाम असतो. पण ओव्हरहेड वायर तुटून गाडी दीड तास खोळंबते ती गोष्ट निराळी. तिचे कारण एक असते, ते शोधता येते आणि दूरही करता येते. रोजच्या तीन मिनिटांसाठी मोटरमनला जाब विचारणे जितके निरर्थक, तितकेच तुटलेल्या वायरकडे ‘चालायचेच’ म्हणून पाहणे घातक. आलेख या दोहोंमधील सीमारेषा आखून देतो.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट स्वतः १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले होते. जपानला हे शास्त्र एडवर्ड्स डेमिंग यांनी विस्ताराने शिकवले ते १९५० च्या उन्हाळ्यात, म्हणजे त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. आपल्याकडे संख्याशास्त्रज्ञांनी ही विद्या निष्ठेने जोपासली, पण कारखान्याच्या मालकाच्या टेबलापर्यंत ती पोहोचायला फार काळ गेला. जपानमध्ये पहिल्याच वर्षी बड्या कंपन्यांचे अध्यक्ष स्वतः ऐकायला येऊन बसले. डेमिंग यांच्या नावाचे पारितोषिक जपानने १९५१ साली सुरू केले. ते एका भारतीय कंपनीला, सुंदरम-क्लेटनला, प्रथम मिळाले १९९८ मध्ये, आणि महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये. बीज आधी येऊनही पीक उशिरा का आले, याचे उत्तर बियाण्यात शोधून मिळणार नाही.

हे डेमिंग आपल्या व्याख्यानांत एक खेळ करून दाखवीत. पेटीत ४,००० मणी, त्यांतील ३,२०० पांढरे आणि ८०० लाल. श्रोत्यांमधून सहा ‘कामगार’ निवडले जात. प्रत्येकाला पन्नास खळगे असलेली एक फळी दिली जाई. ती पेटीत बुडवून, ठरलेल्या कोनात धरून बाहेर काढायची. ग्राहकाला पांढरे मणी हवेत आणि लाल मणी म्हणजे सदोष माल. दोन निरीक्षक मोजत, मुख्य निरीक्षक आकडा जाहीर करी, नोंदणीकार लिहून घेई. डेमिंग स्वतः मुकादम होत आणि ती भूमिका मोठ्या झोकात वठवीत. एखाद्याच्या फळीवर पाचच लाल मणी आले की त्याची पाठ थोपटत, सर्वांना त्याचा आदर्श ठेवायला सांगत. दुसऱ्याच्या फळीवर पंधरा आले की त्याला सर्वांसमोर फैलावर घेत. दुसऱ्या ‘दिवशी’ आदर्श कामगाराच्या फळीवर अकरा लाल मणी येत आणि कालचा अपराधी सातांवर येई. मुकादम म्हणे, पाहा, कौतुकाने हा शेफारला आणि ताकिदीने तो सुधारला! मग घोषवाक्ये लावली जात, बक्षिसे जाहीर होत. अखेरीस तीन ‘निकृष्ट’ कामगारांना कमी करून तीन ‘उत्कृष्ट’ कामगारांकडून दुप्पट काम घेतले जाई. लाल मण्यांचे प्रमाण मात्र होते तेथेच राही.

श्रोते पोट धरून हसत. हसू ओसरल्यावर डेमिंग आलेख मांडत. पन्नास खळगे आणि पेटीत वीस टक्के लाल मणी, म्हणजे सरासरी दहा. गणिताने येणाऱ्या मर्यादा साधारणपणे दोन ते अठरा. या पट्ट्यात आलेला कोणताही आकडा, मग तो चार असो वा सोळा, कामगाराविषयी काहीही सांगत नाही. तो पेटीविषयी सांगतो. पेटीत लाल मणी घातले कोणी? कच्चा माल विकत घेणाऱ्याने. ते बदलण्याचा अधिकार सहांपैकी एकाही कामगाराला नव्हता. सदोषतेचा व सुधारणेच्या शक्यतांचा ९४ टक्के वाटा व्यवस्थेचा आणि सहा टक्के विशिष्ट कारणांचा, असे डेमिंग यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे. हा आकडा त्यांच्या अनुभवावर आधारलेला अंदाज होता. तो कोठल्या मोजणीतून निघालेला नाही. पुष्कळ व्याख्याते तो वेदवाक्यासारखा फेकतात, ते योग्य नव्हे. प्रत्येक ठिकाणचे प्रमाण तेथे मोजूनच कळेल.

आता जरा आपल्या कार्यालयांकडे पाहावे. शासकीय सेवेत गोपनीय अहवालाची दहशत काय होती हे ज्येष्ठांना सांगायला नको. एका ओळीच्या शेऱ्याने बढती अडे आणि तो शेरा ज्याच्याविषयी, त्याला तो दिसतही नसे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये निकाल दिला की असा प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. न्यायाच्या दृष्टीने ते मोठे पाऊल होते. तरी शेरा कळला म्हणून तो खरा ठरतो असे नाही. खाजगी क्षेत्रात, विशेषतः माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत, घंटेच्या आकाराचा वक्र आला. इतके टक्के उत्कृष्ट, इतके मध्यम आणि इतके निकृष्ट ठरलेच पाहिजेत. दहा जणांचा उत्तम गट असला तरी त्यांतील एकाला निकृष्ट ठरवल्यावाचून अर्ज पुरा होत नाही. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने ही पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये सोडून दिली. लाल मण्यांचा खेळ ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला या वक्रात मुकादमाचाच चेहरा दिसेल.

इथवर ऐकून पाठीमागच्या रांगांतील काही चेहरे खुलले असतील. दोष व्यवस्थेचा आहे हे सिद्धच झाले, मग आपण निर्धास्त! नेमका हाच धोका आहे. ‘व्यवस्थाच तशी आहे हो’ हे वाक्य आपल्या देशात जितक्या वेळा उच्चारले जाते, तितके क्वचितच दुसरे कोणते असेल. फाइल अडवणारा लिपिक, रुग्णाला ताटकळत ठेवणारा डॉक्टर, वर्गावर न जाणारा शिक्षक, सारे या वाक्याच्या आडोशाला उभे राहतात. ज्या विचाराने मुकादमाला आरसा दाखवला, तोच विचार आळशाची ढाल होऊ शकतो. म्हणून यापुढचे उदाहरण जरा सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट या गावी जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. १९८२ मध्ये तो बंद पडला तेव्हा त्याची कीर्ती अशी की कामगारांच्या बेशिस्तीचे उदाहरण द्यायचे तर त्याचे नाव घ्यावे. रोज पाचातला एक कामगार गैरहजर. अधूनमधून अचानक संप. कामाच्या वेळी दारू. तक्रारींचे अर्ज हजारोंनी साचलेले. तेथील नियम एकच होता, साखळी थांबता कामा नये. साखळी म्हणजे पुढे सरकत जाणारी जुळणीची रांग. चुकीचा भाग बसला, स्क्रू राहिला, तरी गाडी पुढे ढकलायची. पुढे कोणीतरी दुरुस्त करील. मागच्या आवारात अशा सदोष गाड्यांची रांग लागे. रांग थांबवणाऱ्याची मात्र खैर नसे.

१९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. त्याचे संक्षिप्त नाव नुमी. इमारत तीच, कामगार संघटना तीच, आणि घेतलेल्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुनेच. ज्यांना ‘सुधारण्यापलीकडचे’ म्हटले गेले होते, तेच. त्यांच्यातील साडेचारशे गटप्रमुखांना तीन आठवड्यांसाठी जपानमधील ताकाओका कारखान्यात पाठवण्यात आले. तेथे त्यांना प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर टांगलेली एक दोरी दिसली. काही चुकते आहे अशी शंका आली तरी दोरी ओढायची. घंटी वाजते, दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो आणि पहिले वाक्य आभाराचे बोलतो. ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तर रांग थांबते. या कल्पनेचे मूळ मोटारीत नसून मागात आहे. टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला होता. माग थांबला नाही तर वारभर कापड वाया जाते, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या रेल्वेच्या डब्यातही साखळी असते. सबळ कारणावाचून ती ओढली तर रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमान्वये एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. धावत्या गाडीसाठी ते योग्यच आहे. परंतु बहुसंख्य कार्यालयांचे वातावरणही त्या डब्यासारखेच असते. साखळी आहे, पण ती ओढण्यापूर्वी माणूस आधी दंडाचा विचार करतो.

नुमीत निष्पत्ती काय झाली? १९८६ अखेर उत्पादकता जुन्या कारखान्याच्या दुप्पट झाली आणि जनरल मोटर्सच्या इतर सर्व कारखान्यांच्या पुढे गेली. विनाकारण गैरहजेरी वीस टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आली. म्हणजे अंगणच वाकडे होते, असे म्हणून येथेच थांबता आले असते. पण नुमीचा खरा धडा पुढे आहे. तेथे कामगारावरील जबाबदारी वाढली. पूर्वी कामाचे वेळापत्रक अभियंते हातात घड्याळ घेऊन ठरवीत आणि कामगार त्यांना कसे फसवायचे याचा विचार करी. नुमीत ते घड्याळ कामगारांच्याच गटाकडे देण्यात आले. आपल्या कामाचा प्रत्येक टप्पा त्यांनीच मोजायचा, सर्वांत सोयीची व सुरक्षित रीत शोधायची, ती लिहून काढायची आणि मग सर्वांनी ती पाळायची. गैरहजेरीचे नियम कडक होते. अधिकाऱ्यांसाठी वेगळे भोजनगृह वा गाड्यांसाठी राखीव जागा नव्हत्या. आणि १९८७-८८ मध्ये गाड्यांचा खप घसरला तेव्हा एकाही कामगाराला कमी करण्यात आले नाही. त्यांना प्रशिक्षणात व सुधारणेच्या कामात गुंतवण्यात आले. कामगाराने दोरी ओढण्याचे दायित्व घेतले, व्यवस्थापनाने त्याच्या पोटावर पाय न देण्याचे. हा परस्परांना दिलेला शब्द होता.

त्याच सुमारास जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातीलच व्हॅन नाइस येथील कारखान्यात हीच पद्धत आणण्याचा प्रयत्न केला. दोऱ्या बसवल्या गेल्या, पण पर्यवेक्षकांना त्या ओढलेल्या खपत नसत. काही काळाने कोणी त्या ओढीनासे झाले. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. नुमी मात्र २०१० पर्यंत चालला. २००९ मध्ये दिवाळखोरीत निघालेल्या जनरल मोटर्सने भागीदारी सोडली, आणि टोयोटानेही पुढे तो कारखाना ठेवला नाही. दोरी ओढून थांबवता येत नाहीत असेही निर्णय असतात. त्या इमारतीत आज टेस्लाच्या विजेवरच्या मोटारी बनतात.

आता याच्या नेमके उलट उदाहरण. वेल्स फार्गो ही अमेरिकेतील एक बडी बँक. प्रत्येक ग्राहक-कुटुंबाला बँकेची आठ उत्पादने विकायची, असे तिचे ध्येय होते. बचत खाते, चालू खाते, क्रेडिट कार्ड, कर्ज, असे मोजत आठ. शाखेतील कर्मचाऱ्याला रोजचे उद्दिष्ट असे, दिवसातून अनेकदा विचारणा होई. बँकेत विमा पॉलिसी गळ्यात मारणाऱ्या कर्मचाऱ्याचा अवघडलेला चेहरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. उद्दिष्ट गाठता येईना तेव्हा कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे खाती उघडली. कोठे खोट्या सह्या, कोठे बनावट ई-मेल पत्ते. लॉस एंजेलिस टाइम्सने डिसेंबर २०१३ मध्ये हा प्रकार उजेडात आणला. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, आणि बँकेने सांगितले की या गैरप्रकारांबद्दल सुमारे पाच वर्षांत ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले आहे.

बँकेच्या दृष्टीने हा आकडा तिच्या कठोरपणाचा पुरावा होता. लाल मणी आठवावेत. पाच माणसे खोटेपणा करतात तेव्हा ती माणसे तपासावीत. वेगवेगळ्या राज्यांतील, एकमेकांना न ओळखणारी ५,३०० माणसे एकाच प्रकारचा खोटेपणा करतात तेव्हा पेटी तपासावी लागते. कित्येकांनी दोरी ओढूनही पाहिली होती, बँकेच्या अंतर्गत तक्रार-क्रमांकावर कळवले होते. अशा तक्रारीनंतर नोकरी गमावलेल्या एका व्यवस्थापकाला परत घ्यावे आणि सुमारे ५४ लाख डॉलर द्यावेत, असा आदेश अमेरिकेच्या श्रम खात्याला एप्रिल २०१७ मध्ये द्यावा लागला. मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन स्टम्फ यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये पद सोडले. २०२० च्या जानेवारीत त्यांना १.७५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि बँकिंग क्षेत्रात काम करण्यास कायमची बंदी आली. खालच्या पायरीवरचा हिशेब वर्षानुवर्षे चुकता होत होता. वरच्या पायरीचा हिशेब जगासमोर अब्रू गेल्यावरच मांडला गेला.

तरीही, ज्या हाताने दुसऱ्याची सही केली तो हात निर्दोष ठरतो काय? नाही. त्याच शाखांत, त्याच उद्दिष्टाखाली, खोटे खाते न उघडणारेही होते. त्यांतील काहींनी कमी गुणांकन सोसले, काहींनी नोकरी सोडली. त्यांना ‘कामचुकार’ ठरवणारी व्यवस्था वाकडी होती, हे खरेच. पण ते सरळ राहिले हेही तितकेच खरे, आणि ९४ टक्क्यांचा दाखला देऊन त्यांच्या सरळपणाची किंमत पुसून टाकता येणार नाही.

येथे अपघातशास्त्रातील एक कसोटी उपयोगी पडते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी ती सर्वत्र पोहोचवली. चूक घडली की त्या माणसाच्या जागी तेवढ्याच अनुभवाचा, तेवढ्याच निष्ठेचा दुसरा माणूस मनाने उभा करावा. तेच काम, तोच वेळ, तीच माहिती. त्यानेही तेच केले असते काय? उत्तर ‘बहुधा होय’ असेल तर शिक्षेने काही साधणार नाही. कळीला रबरी चाक बसवावे लागेल. उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचे प्रश्न येतात. त्याला शिकवले होते का, त्याची दृष्टी वा प्रकृती ठीक होती का, की त्याने जाणूनबुजून धोका पत्करला? दारू पिऊन यंत्रावर उभा राहणारा, मोजमाप न घेता तक्त्यात आकडे भरणारा, सहकाऱ्याची चूक दिसूनही मौज पाहत राहणारा, यांना व्यवस्थेच्या पदराखाली घेणे हा त्याच यंत्रावर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या शेजाऱ्यावर अन्याय आहे. बँकेच्या प्रकरणात एक प्रश्न अधिक विचारावा लागतो. आपण करतो ते खोटे आहे, हे त्याला कळत होते काय? कळत होते, तर तेवढा भाग त्याचा. त्याला त्या कोपऱ्यात ढकलण्याचा भाग ढकलणाऱ्याचा. एकाचा हिशेब मांडल्याने दुसऱ्याचा वजा होत नाही.

वरिष्ठाच्या जबाबदारीविषयी आपल्याकडे एक उज्ज्वल उदाहरण वारंवार सांगितले जाते, लालबहादूर शास्त्रींचे. नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूर येथील रेल्वे अपघातानंतर त्यांनी रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याआधी महबूबनगरच्या अपघातानंतर दिलेला त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला नव्हता, या वेळी स्वीकारला गेला. पूल वाहून जाण्यात शास्त्रींचा वैयक्तिक दोष कोणी काढला नव्हता. व्यवस्थेच्या शिखरावर बसणाऱ्याने व्यवस्थेचे दायित्व आपले मानावे, हा त्यामागचा भाव होता. मात्र हे उदाहरण देणारे एक गोष्ट विसरतात. राजीनाम्याने पूल दुरुस्त होत नाही. पुलांची तपासणी, पुराच्या सूचना, रात्रीची गस्त ही कामे नंतर कोणीतरी करावीच लागतात आणि त्यांना टाळ्या मिळत नाहीत. राजीनामा मागणारे पुष्कळ असतात, गस्तीचे वेळापत्रक मागणारा एखादाच.

या सभेत व्यवस्थापकही आहेत आणि कामगारही. दोघांनी मिळून करता येईल असे एक काम सुचवून थांबता येईल. आपल्या विभागात तीन महिने एक वही ठेवावी. घडलेली प्रत्येक चूक, वाया गेलेला प्रत्येक नग, परत आलेली प्रत्येक फाइल तिच्यात लिहावी. वेळ लिहावी, यंत्र वा टेबल लिहावे, माल कोठून आला ते लिहावे. माणसाचे नाव लिहू नये. नाव नाही म्हटल्यावर लोक खरे लिहू लागतात, हा अनुभव अनेक ठिकाणी आलेला आहे. तीन महिन्यांनी सर्वांनी एकत्र बसून ती वही वाचावी. एकाच यंत्रावर, एकाच वेळी, एकाच पुरवठादाराच्या मालात पुन्हा पुन्हा घडणाऱ्या चुका आपोआप वर येतील. वहीच्या शेवटच्या रकान्यात ‘यावर काय केले’ एवढेच शब्द असावेत. तो रकाना विभागप्रमुखाने स्वतःच्या हस्ताक्षरात भरायचा, खाली सही आणि तारखेसह. आणि ती वही त्याच्या खोलीत न ठेवता यंत्राशेजारी टांगावी.